बत्तीस इंचावर

टेबल विकत घेतलं नाही.
शेडमध्ये चादरींच्या घड्या घालायची सागवानी फळी होती,
तिच्या काठावर नायनांनी तरुणपणी खिळ्याने कोरलेले इंच,
शून्यापासून नव्वदपर्यंत.
मकबूल मिस्त्रींनी खाली पाय ठोकले आणि म्हणाले,
रंधा मारत नाही बेटा, आकडे जातील.

तर आता लॅपटॉप बत्तीसवर.
वही अठरावर, तांब्या पन्नासवर, झाकण घालून.
मोबाईल ऐंशीवर. तिथे हात पुरत नाही,
उठावं लागतं, आणि उठायचा कंटाळा
हाच माझा सगळा संयम.

पुण्याच्या ऑफिसातून सल्ले आले होते :
कुंडी ठेव, मंद दिवा ठेव, भिंतीला शांत रंग दे.
साखर पेठेत एप्रिलचा पत्रा
अकरालाच तव्यासारखा होतो, रंग कुठलाही असो.
म्हणून पहाटे पाचला बसते.
डोकं खाणारं काम आधी,
मिटिंगा, मेल, हो-ला-हो उन्हावर सोडलेले.
नळ येतो त्या दिवशी मात्र वेळापत्रक नळाचं.

चार माग होते इथे.
दोन माझ्या शाळेत असताना गेले,
एक कॉलेजच्या पहिल्या फीला,
शेवटचा परवाच्या दिवाळीआधी, टेम्पोत, आडवा.
जमिनीत बोल्टांचे खड्डे राहिले.
माझ्या खुर्चीचं चाक रोज त्यातल्या एकात अडकतं.
सिमेंट भरू का विचारलं, तर नायना म्हणाले, बघू.
त्याला सहा महिने झाले.

माग गेल्यावर त्यांना घरात बसवेना.
दाराशी स्टूल टाकून पेपर वाचतात,
म्हणजे एकच पान धरून मला बघतात.
पहिल्या आठवड्यात विचारलं, आज किती झालं?
म्हटलं, झालं नाही, काढलं. दोनशे ओळी काढून टाकल्या.
बराच वेळ गप्प. मग,
उसवलंस?
हो.
नीट निघालं?
हो.
मग बरा गेला की दिवस.

एकदा सकाळपासून हललेच नाही मी.
मान पडद्यात, चहा थंड, पाय मुंग्यांचे.
दारातून आवाज आला, कांडी संपली.
धोट्यातली कांडी संपली की मागाजवळ वाकावं लागायचं,
भरावं लागायचं, दोन पावलं इकडे, दोन तिकडे,
त्याला ते विश्रांती म्हणत नव्हते.
त्याला कामच म्हणत होते.
तेव्हापासून दिवसातून आठ-दहा वेळा,
घड्याळ न बघता,
कांडी संपली.
मी उठते, गल्लीच्या तोंडापर्यंत जाते,
येताना कडक भाकरीचा तुकडा, शेंगाची चटणी,
हात धुऊन पुन्हा बत्तीसवर.

एका रात्री ओरडले त्यांच्यावर.
उद्या द्यायचं होतं, काहीतरी कुठेतरी तुटत होतं
आणि सापडत नव्हतं.
नको ना आता नायना, काय कांडी कांडी.
ते पेपरची घडी घालून आत गेले.
तीनला पाणी आलं. बादल्या लावायला मीच उठले,
कारण ते मुद्दाम उठले नाहीत, मला माहीत आहे.
दुसऱ्या बादलीला चूक दिसली.
तिसरी भरून वाहिली, तशीच धावत आले,
ओल्या पायांनी.
सकाळी स्टूल जागेवर होतं. मी त्यावर चहा ठेवला.
त्यांनी पेपर उलटा धरला होता, मी बोलले नाही.

संध्याकाळी सातला ते म्हणतात, चालु.
आमच्या घरच्या तेलुगूत त्याचा अर्थ पुरे.
परवा कॉलवर पुण्याच्या प्राजक्तने ते ऐकलं,
खूश झाला, वा पद्मजा, अजून चालू का?
बाहेर गल्लीत कुणाचा तरी एकटा माग खटखटत होता.
मी काही समजावलं नाही त्याला.
उद्या बोलू म्हटलं,
आणि बत्तीसवर झाकण मिटलं.